अर्जात घातलेला शब्द

मास्तर, तुम्ही दिलेला इंग्रजी-मराठी कोश अजून माझ्याकडे आहे. पुठ्ठे केव्हाच गेले. जुन्या शिडाच्या कापडाची खोळ मी त्याला दाभणाने शिवली आहे आणि आत डांबराच्या गोळ्या ठेवतो, कारण आमच्या खाऱ्या हवेत कागदाला बुरशी फार लवकर धरते. दर दोन दिवसांनी काढून बघतो. सून म्हणते, "बाबानू, त्या पुस्तकाक काय ताप येता, सारखो हात लावन बघतास तो?" तिला काय सांगणार. मला आता सगळ्याचीच काळजी लागते. गॅस बंद केला का, नात शाळेतून आली का, होडीचा नांगर नीट पडला का. होडी विकून सहा वर्षं झाली, तरी वारा सुटला की नांगराची काळजी लागतेच.

आज लिहायला बसलो तो त्या कोशातल्या एका शब्दामुळे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी बोटांवर मोजू शकत नाही. तुम्ही आरोंद्याला तुमच्या घरी डोळे मिटलेत तेव्हा मी समुद्रात होतो. चार दिवसांनी किनाऱ्याला लागलो तर कोणीतरी जाळं ओढता ओढताच म्हणालं, "मास्तर गेले रे तुझे." तेव्हा यायला हवं होतं. आलो नाही. चार दिवस उशिरा जाऊन काय करायचं, असं मनाला सांगितलं. आता इतक्या वर्षांनी पत्र लिहितो आहे, त्याला पत्ता नाही हे कळतं मला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुका असतील. तुम्ही लाल शाईने गोल करायचात, तसे करा.

मला तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बसलेले दिसता. सातवीची परीक्षा होऊन आठ दिवस झालेले. आई पाट्यावर खोबरं वाटते आहे आणि तुम्ही आलात म्हणून पदर सारखा करायला तिचे हात रिकामे नाहीत. तुम्ही पाटावर बसता, टोपी काढून गुडघ्यावर ठेवता. बाबा दारातच उभे, अंगाला अजून खारं पाणी. तुम्ही म्हणता, "झिलाक मालवणाक धाड. हायस्कुलाचा मी बघतंय." बाबा हातानेच दाढीवरचं पाणी निपटतात. मग म्हणतात, "मास्तरानू, माका दोन हात कमी पडतत. होडी काय पुस्तक वाचून वल्हवूक येणा नाय." तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. आईने पानावर भात आणि तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण वाढलं ते सगळं संपवलंत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मला बोलावून हा कोश हातात दिलात. तुमचा स्वतःचा, आत तुमच्या पेन्सिलीच्या खुणा. म्हणालात, रोज एक शब्द. होडीत असलास तरी एक शब्द. मी पाळलं मास्तर. रोज नाही, पण पाळलं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत तेव्हा दोन-दोन वाचायचो. अर्थ पाठ, पण तो शब्द बोलायला समोर कोणी नाही. पन्नास वर्षं मी इंग्रजी एकट्याने जमवलं, शिंपले जमवावेत तसं.

पण कोशाच्या आधीची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आठवत असेल का? वर्गात एकाने माझी पाटी फोडली. मी त्याला ‘रास्कल’ म्हटलं. तो शब्द मी तुमच्याच तोंडून कधीतरी ऐकला होता, आणि तो उच्चारताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. तुम्ही छडी काढली नाहीत. शाळा सुटल्यावर माझा दंड धरलात आणि वाळूतून चालवत त्याच्या घरी नेलंत. त्याची आई खळ्यात बांगडे सुकत घालत होती. तुम्ही मला म्हणालात, "हिचो झिल काय आसा ता सांग हिका. इंग्रजीत नको. आपल्या भाषेत सांग." ती बिचारी उभी राहून आमच्याकडे बघते आहे, हाताला मीठ. मला ‘लुच्चो’ हा शब्द येत होता. दिवसातून दहा वेळा तोंडात यायचा. पण तिच्या समोर, तिच्या मुलाबद्दल, तो काही बाहेर पडेना. मी रडायला लागलो. ती म्हणाली, "मास्तरानू, पोराक कित्याक रडवतास?" आणि मला गुळाचा खडा दिला. परत येताना तुम्ही एवढंच बोललात की, जो शब्द आपल्या भाषेत त्या माणसाच्या तोंडावर सांगता येत नाही, तो दुसऱ्या भाषेत त्याच्या पाठीमागे वापरू नये. अर्थ कोशात मिळेल, पण वापर असाच शिकावा लागतो. तेव्हा मला गुळाचीच गोडी जास्त लागली.

आता जे झालं ते सांगतो. तारकर्लीला बाहेरचे लोक राहायला यायला लागले तेव्हाची गोष्ट. आमची वाडी तिथून चालत पाऊण तासावर. वाडीत एक बाई होती, वयाने माझ्या मुलीएवढी. तिचा नवरा होडी उलटून गेला. पदरात एक मुलगी. घराच्या मागे माडांत दोन खोल्या होत्या, जाळी ठेवायच्या. तिने त्या सारवल्या, चुना काढला, आणि पत्र्यावर लिहून घेतलं, ‘राहण्याची व जेवणाची सोय’. लोक यायला लागले. पुण्याचे, मुंबईचे, कधी गोऱ्या कातडीचेसुद्धा. तिच्या हातचं कालवण खाऊन लोक पुन्हा पुन्हा येत. वाडीत आधी कौतुक झालं. मग कुरकुर सुरू झाली. पाहुणे उघड्या मांड्यांनी देवळासमोरून जातात. वाटेवर दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. एक जोडपं लग्नाचं नव्हतं म्हणे. ते कोणी विचारून आलं होतं देव जाणे. खरं म्हणजे आणखी दोघांनी खोल्या बांधायला काढल्या होत्या आणि पाहुणे तिच्याकडेच जात होते, पण हे कोणी बोललं नाही.

जत्रेच्या तयारीसाठी सगळे देवळाच्या मंडपात जमले होते. तिथेच विषय निघाला की कचेरीत अर्ज द्यायचा, तिचा फलक उतरवायचा. एकजण म्हणाला, "अर्ज इंग्लिशात जाऊक व्हयो. मराठी अर्जात भजी बांधतत ते." दुसरा म्हणाला, "आमचो बॅरिस्टर आसा मा हंय!" मला वाडीत बॅरिस्टर म्हणत, चेष्टेनेच. पण त्या दिवशी त्यात चेष्टा नव्हती. मला बसायला पुढे जागा दिली. चहा आधी मला दिला. मास्तर, पन्नास वर्षांत त्या कोशासाठी मला कोणी चहा दिला नव्हता.

अर्ज मराठीतच लिहिला, तेवढं माझं इंग्रजी नाही. पण वर, विषय लिहितात तिथे, एक इंग्रजी शब्द घालायचं ठरवलं. घरी येऊन कोश उघडला. डी अक्षराची पानं मी नुकतीच वाचून संपवली होती, त्यामुळे कुठे बघायचं ते ठाऊक होतं. डिप्रॅव्हिटी. त्यापुढे तीन अर्थ दिलेले. पहिला दुर्वर्तन. दुसरा नीतिभ्रष्टता. तिसरा मी इथे लिहीत नाही, तुमच्या कोशात आहे. मला तो शब्द आवडला. खोटं कशाला सांगू. लांब होता, भारी होता, आणि तो माझ्याशिवाय वाडीत कोणाला येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मंडपात अर्ज वाचून दाखवला. त्या शब्दाशी आल्यावर कोणी विचारलं, "म्हणजे काय ता?" मी म्हटलं, "म्हणजे वायट. भारी वायट." "मगे र्‍हवांदे!" असं चारपाच जण एकदम म्हणाले. आमचे मानकरी, वय ऐंशीच्या वर, आयुष्यभर देवापुढे गाऱ्हाणं घालत आलेले. त्यांना मंडपात काही वाचलेलं ऐकलं की गाऱ्हाण्याचाच सूर लागतो. ते उठून उभे राहिले, हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या जा काय लेकरांनी लिवलला आसा, ता तू मान्य करून घे रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे सवयीने, "व्हय म्हाराजा!" मग हसलो. हसत हसत सह्या झाल्या, अंगठे झाले. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना कोणी अर्थ विचारत नाही, मास्तर. लहानपणापासून म्हणत आलो. पण गाऱ्हाण्यात शेवटी सगळ्यांचं भलंच मागतात, त्यामुळे अर्थ नाही विचारला तरी चालतं. आम्ही त्याच तोंडाने त्या कागदाला होकार दिला.

पुढचं सगळं त्या शब्दाने केलं. नुसत्या बाटल्यांची तक्रार असती तर कोणी येऊन समज दिली असती. त्या शब्दामुळे तिला कचेरीत बोलावून घेतलं, दिवसभर बाकावर बसवलं, घरी कोण कोण येतं ते विचारलं. फलक उतरला. पण फलकाचं सोडा. वाडीत तोवर कोणी तिच्या चालीबद्दल वाकडं बोललं नव्हतं. आता कागदावर काहीतरी इंग्रजी आहे, भारी वाईट आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक झालं, आणि ज्याला जे सुचेल तो त्याचा अर्थ तेच लावू लागला. विहिरीवर बायका तिची कळशी भरून होईपर्यंत लांब थांबायला लागल्या. मी हे माझ्या ओट्यावरून बघत होतो. एक दिवस खोल्यांना कुलूप दिसलं. ती मुलीला घेऊन कट्टा गावाला भावाकडे गेली, असं कळलं.

गुडघ्याचं तेल आणायला मी महिन्यातून एकदा कट्ट्याला जातो. तिथे एसटीच्या थांब्याजवळ ती सुकी मासळी आणि कोकमाची सोलं घेऊन बसते. आठ वर्षं मी थांब्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहत आलो. गेल्या महिन्यात तिने मला बघितलं आणि गिऱ्हाईक सोडून रस्ता ओलांडून आली. केस पिकलेत तिचे. म्हणाली, "काकानू, बरे आसात मा? तुमका इंग्लिश येता. त्या अर्जाची झेरॉक्स आसा माझ्याकडे. वर एक शब्द आसा, त्याचो अर्थ माका सांगशात?" मी म्हटलं, "चष्मो नाय गो हाडलंय." चष्मा माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. दोन्ही काड्या बाहेर. तिने खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरा," म्हणाली, "मगे पुढच्या खेपेक हाडा."

तो महिना कसा गेला ते माझं मलाच ठाऊक. जेवण जाईना. सून म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. नात मोबाईलवर रेंज मिळावी म्हणून माडाखाली फिरते तसा मी अंगणात फिरत होतो. सारखं वाटायचं, तुम्ही असता तर दंड धरून नेलं असतंत, आणि मला फक्त चालायचं काम उरलं असतं. या वयात कोणी दंड धरत नाही. तेवढ्यासाठी तुमची इतकी आठवण आली की एके दुपारी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलो. शाळा आता सिमेंटची झाली आहे, पण ओटा तोच ठेवलाय.

काल गेलो. चष्मा घरूनच डोळ्यावर लावून गेलो, म्हणजे खिशात लपवायला नको. ती एका बाईला सुके बांगडे मोजून देत होती. मला बघून म्हणाली, "बसा काकानू," आणि पोत्याचा तुकडा पुढे सरकवला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून तिने तो कागद काढला. घड्यांवर फाटलेला. माझंच अक्षर. तुम्ही शिकवलेलं, वळणदार.

मी म्हटलं, "ह्यो शब्द मी लिवलंय."

तिने बांगडे मोजायचं थांबवलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "म्हायत आसा माका. आमच्या वाडयेत दुसरो कोण लिवतलो?"

"मगे माकाच कित्याक इचारलंस?"

"दुसऱ्या कोणाक इचारू? कॉलेजातल्या पोरांका? आणि काय निघाला तर? चेडवाचा लगीन ठरता हा आता. तिच्या सासरच्या कोणी ह्यो कागद बघल्यानी, तर त्यात काय आसा ता माका तरी म्हायत व्हया. ज्यान लिवल्यान त्याकाच इचारूचा ना."

मग म्हणाली, "सांगा."

मास्तर, मी तोंड उघडलं. तिन्ही अर्थ जिभेवर होते. तिसरा तर असा उभा राहिला समोर की त्याचं मालवणी काय होईल तेसुद्धा मला कळलं, एकाच शब्दात. तिच्या हाताला मीठ होतं. मला ते खळं दिसलं, ती दुसरी आई दिसली, आणि माझ्या तोंडून आलं, "म्हणजे, वायट चाल. शेजाऱ्यांका तरास होता, तसा काय ता."

"इतक्याच?"

"इतक्याच."

तिने कागदाची पुन्हा घडी घातली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हसली. "आठ वर्सां मी काय काय समाजलंय, काकानू. आणि तुमी म्हणतास शेजाऱ्यांका तरास!" मग विचारलं, "पण लिवलात कित्याक? माझ्यान तुमचा काय बिघाडला होता?" मी म्हटलं, "गावान सांगल्यान." ती म्हणाली, "गाव काय, बोलताच." कागद तिने माझ्या हातात दिला. आता तिला नको म्हणे. सुनेसाठी म्हणून सुक्या बांगड्यांची पुडी बांधून दिली, ती घेणं मला जड गेलं, पण न घेणं आणखी जड गेलं असतं. एसटी आली. चढताना तिने खालून हात दिला, माझा दंड धरून.

घरी आल्यापासून मला कळत नाही, मी तुमचं ऐकलं की नाही. शब्द मी लिहिला, हे तोंडावर सांगितलं. अर्थ मात्र सांगितला नाही. ती मोकळी होऊन हसली ते माझ्या खोटेपणावर. ते तसंच राहू द्यावं की पुन्हा जाऊन खरं सांगावं? आणि तिच्या मुलीच्या सासरी कोणी कोश उघडला तर? तुम्ही असता तर एका वाक्यात सांगितलं असतंत आणि मला रात्री झोप लागली असती. कागद मी कोशात त्या पानावर ठेवला आहे. हे पत्रही तिथेच ठेवणार, डांबराची एक गोळी जास्त घालून.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही, वर लिहितानाही गाळली. अर्जाच्या आधी एकदा तिच्याकडे एक गोरी बाई उतरली होती. मी चार दिवस वाक्य जुळवून, इस्त्रीचा सदरा घालून तिच्याशी बोलायला गेलो. माझं एक अक्षर त्या बाईला कळलं नाही. पन्नास वर्षांचं माझं इंग्रजी, एक अक्षर नाही. आणि खोल्या चालवणारी ही, चौथीपर्यंत शिकलेली, चुलीवरून हात हलवत म्हणाली, "मॅडम, फिश? गुड फिश!" तर ती बाई लगेच हसून मान डोलवायला लागली. मग माझ्याकडे वळून ही म्हणाली, "काकानू, तुमचा इंग्लिश पुस्तकातच बरा!" आणि हसली. तिच्या मनात काहीच नव्हतं. मला चहासुद्धा दिला तिने. मला लागलं, एवढंच.